बर्मिंगहॅमचे जुने कालवे आणि खुल्या आवारातली संग्रहालये: पाच दिवसांत काय पाहावं, लॉक चालताना कुठे दिसेल?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन बहिणीकडे बर्मिंगहॅमला जातोय. पाच दिवस मोकळे आहेत. गाडी नाही, रेल्वे आणि बसच. बाबा निवृत्त अभियंते आहेत, त्यांना कालव्यांची यंत्रणा समजून घ्यायची आहे, नुसते फोटो नकोत. आई सपाटीवर तीन-चार किलोमीटर चालते, जिने मात्र जपून. दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम आणि एल्समीअर पोर्टचं वॉटरवेज म्युझियम अशी दोन नावं काढली आहेत. लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या फाटकांच्या हौदातून, नाव चढताना-उतरताना खात्रीने कुठे दिसते? आणि कोणत्या क्रमाने पाहावं?

तुळई

क्रमाचं आधी सांगतो: पहिला दिवस संग्रहालयाला देऊ नका, लॉकला द्या. लॉक चालताना न पाहता संग्रहालयात गेलं की तिथल्या नावा, हँडलं, दोर हे सगळं अडगळीतल्या सामानासारखं वाटतं. एकदा लॉक पाहिलं की प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

बहुतेक पाहुणे ब्रिंडलीप्लेसहून फेरीच्या बोटीत बसतात. बोट चांगली असते, पण ती सगळी फेरी एकाच पातळीवरच्या पाण्यातली. लॉक लागतच नाही. लॉकसाठी हॅटनला जा. मूर स्ट्रीट स्टेशनवरून गाडी मिळते, पण सगळ्या गाड्या हॅटनला थांबत नाहीत, तेव्हा परतीचं वेळापत्रक आधीच पाहून ठेवा. स्टेशनपासून सगळ्यात वरचं लॉक साधारण दीड किलोमीटर. तिथून खाली एकामागून एक २१ लॉक आहेत, एकूण उतार १४६ फूट. वरून खाली चालत गेलात तर शेवटी वॉरिक पार्कवे स्टेशन जवळ पडतं आणि तिथून गाड्या भरपूर. आईंच्या गुडघ्याला हाच क्रम सोयीचा, कारण वाट सगळी सौम्य उताराची आहे, पायऱ्या नाहीत. पूर्ण अंतर जड वाटलं तर वरची पाच-सहा लॉकं पाहून मागे फिरा, समजण्यात काही कमी पडणार नाही.

जूनमध्ये शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर नावा येत राहतात. स्वयंसेवक लॉकवाले असतात, विचारलं की मनापासून समजावून सांगतात.

आता नक्की काय बघायचं ते. नाव खालून वर जाणार आहे असं धरा. लॉक म्हणजे दोन टोकांना फाटकं असलेला दगड-विटांचा हौद. हौद रिकामा, म्हणजे खालच्या पातळीला असतो. नाव आत येते, मागची फाटकं बंद होतात, त्यांच्यातल्या पाणी सोडायच्या झडपा खाली पडून बंद झाल्या आहेत ना ते बघितलं जातं. मग वरच्या बाजूच्या, जमिनीतून येणाऱ्या बोगद्याच्या झडपा हळूहळू उचलतात. इंग्रजीत त्यांना पॅडल म्हणतात. पाणी चढतं, नाव चढते. आतली आणि बाहेरची पातळी एक झाली की फाटक उघडतं, त्याआधी नाही.

हे 'त्याआधी नाही' बाबांना फाटकाजवळ उभं राहून बघू द्या. पाण्यात बुडालेला भाग २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल धरला आणि पातळीत नुसता ५ सेंटिमीटर फरक असला, तरी फाटकावर सुमारे २०० किलोचा दाब राहतो. दोन माणसं तुळईला, म्हणजे फाटक ढकलायच्या लांब आडव्या दांड्याला, पाठ लावून रेटत असतात आणि फाटक हलत नाही. मग अर्ध्या मिनिटात, काही न करता, ते लोण्यासारखं सरकतं. तुळईच्या खाली जमिनीत विटांच्या उंच पट्ट्या अर्धवर्तुळात बसवलेल्या दिसतील. त्या पायाला जोर मिळावा म्हणून आहेत, सजावट नाही.

जोडफाटकं इंग्रजी व्ही आकारात मिटतात आणि टोक नेहमी उंच पाण्याकडे असतं. पाणी जितकं जास्त तितकी ती एकमेकांवर घट्ट बसतात. कडी नाही, कुलूप नाही.

बिलावली तलाव

तुळईंनी यंत्रणा सांगितली, मी पाण्याचा हिशोब सांगतो, कारण कालव्याची खरी गोष्ट तीच आहे.

अरुंद लॉक साधारण ७२ फूट लांब, ७ फूट रुंद. पातळीतला फरक ७ फूट धरला तर ३,५२८ घनफूट, म्हणजे जवळपास १ लाख लिटर. नाव वर जावो की खाली, एका वेळेला एवढं पाणी वरून खाली जातं. आपल्याकडच्या ५,००० लिटरच्या टँकरने मोजलं तर २० टँकर, एका नावेसाठी, एका लॉकमध्ये! हॅटनची लॉकं दुप्पट रुंद, म्हणजे २ लाख लिटर. म्हणून तिथे एक नाव आली की दुसरीची वाट बघतात आणि दोघी जोडीने आत जातात. ती शिस्त पाणी वाचवायची आहे.

बर्मिंगहॅम उंचावर वसलेलं, जवळ मोठी नदी नाही. मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? जालूदहून नर्मदा ७० किलोमीटर चढवून पाणी पिणाऱ्या इंदूरकरांना हा प्रश्न वेगळा समजावायला नको. तिथे उत्तर होतं वाफेचं इंजिन. स्मेथविकच्या लॉकमधून खाली गेलेलं पाणी पुन्हा वर चढवायला बोल्टन आणि वॉट यांचं इंजिन १७७९ मध्ये बसवलं, ते १८९१ पर्यंत चाललं. आज ते बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात आहे, चालू स्थितीतलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून. बाबांना ते दाखवल्याशिवाय परत आणू नका.

दुसरा दिवस असा लावा. सकाळी गॅस स्ट्रीट बेसिन. तिथे वूस्टर बार नावाची सव्वासात फूट रुंदीची आडवी भिंत आहे, दोन्ही बाजूंना पाणी. एका बाजूला बर्मिंगहॅम कालवा कंपनी, दुसऱ्या बाजूला वूस्टर कालव्याची कंपनी. आपलं पाणी दुसऱ्यांच्या कालव्यात वाहून जाईल या भीतीने जुन्या कंपनीने पाणी जोडूच दिलं नाही. माल एका नावेतून उचलून भिंतीपलीकडच्या नावेत टाकायचा, असं १८१५ पर्यंत चाललं. मग मध्ये लॉक बसवलं. पाण्यावरचं भांडण माणसाला किती हमाली करायला लावतं ते त्या भिंतीवर उभं राहिलं की दिसतं.

तिथून केंब्रियन वॉर्फ, पाच-दहा मिनिटं. फार्मर्स ब्रिजची १३ लॉकं तिथे सुरू होतात आणि इमारतींच्या, रेल्वेच्या पोटाखालून खाली उतरतात. लॉकं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की दोन लॉकांमधल्या तुकड्यात पुरेसं पाणी मावत नाही, म्हणून तो तुकडा बाजूला रुंदावून साठा केलेला आहे. शेवटी ॲस्टन जंक्शन, आणि डिग्बेथच्या फाट्याने पुढे गेलं की थिंकटँक चालण्याच्या टप्प्यात. इंजिनाचा दिवस तिथेच संपवा. या वाटेवर दगडी फरसबंदी ओली असली की फार घसरते, आणि लॉकांच्या बाजूला उतार तीव्र आहे. आईंना वरची चार-पाच लॉकं पुरेत, पुढे टॅक्सी करा.

एक छोटी गोष्ट, पण चुकवू नका. जुन्या पुलांखाली, वाटेच्या कोपऱ्यावर, लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर बोट फिरवा. अंगठा बसेल इतक्या खोल खाचा आहेत, एकाखाली एक. घोडा ओढत असलेला दोर ओला, त्याला वाळू चिकटलेली, आणि तो रोज त्याच कोपऱ्याला घासणार. विहिरीच्या काठच्या दगडावर पोहऱ्याच्या दोराने पडतात तशाच, फक्त इथे बिडाच्या लोखंडावर.

स्नेहलतागंज

डडलीचं मी सांगते.

ब्लॅक कंट्री म्युझियमला टिप्टन स्टेशन जवळचं, तिथून दीडेक किलोमीटर. आवार २६ एकरांचं आहे आणि सगळं उघड्यावर. दुकानं, घरं, साखळ्या बनवायचा कारखाना, चुन्याच्या भट्ट्या, कालव्याचा फाटा, नावा दुरुस्त करायची गोदी. पूर्ण दिवस ठेवा. उंचसखल आहे आणि काही रस्ते गोट्यांचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. भुयारी कोळसा खाणीची फेरी वाकून, अंधारात आहे. गुडघा दुखत असेल तर ती सोडा, तेवढ्या वेळात न्यूकमनच्या वाफेच्या इंजिनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बघा. मूळ इंजिन १७१२ मधलं, खाणीतलं पाणी उपसायला.

खाण्याचं अगदी स्पष्ट सांगते: तिथलं चिप्सचं दुकान जुन्या पद्धतीचं म्हणून प्रसिद्ध आहे आणि जुनी पद्धत म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळणं. नुसत्या बटाट्याच्या चिप्ससुद्धा त्याच चरबीतल्या. वास चांगला येतो, रांग मोठी असते, आणि 'बटाटाच तर आहे' म्हणून आपली माणसं घेतात. कुठेही चिप्स घेण्याआधी कशात तळता ते विचारा, त्या भागात इतरही दुकानं असंच तळतात. दशम्या, चटणी, शेव पिशवीत असू द्या. बसायला बाकं आहेत.

नावेची मागची खोली नक्की बघा. साधारण दहा फूट लांब, सात फुटांहून कमी रुंद. दारात पाऊल टाकलं की डाव्या हाताला शेगडी, त्याच्या पुढे फळी खाली पाडली की टेबल होणारं कपाट, आणि टोकाला आडवा घडीचा पलंग. एवढ्यात पूर्ण कुटुंब राहायचं, कारण नावेची उरलेली लांबी मालाला, आणि मालावरच पोट. गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेली पाण्याची बरणी छतावर ठेवलेली दिसेल. प्यायचं पाणी त्यातच, कालव्याचं कधीच नाही. तिथली 'प्रेसिडेंट' ही १९०९ ची वाफेची नाव उन्हाळ्यात बाहेर फिरायला गेलेली असू शकते, तेव्हा त्याच एका नावेसाठी जात असाल तर आधी विचारा.

शेजारीच डडली बोगद्याची बोटफेरी आहे, तिकीट वेगळं. बोगदा १७९२ चा, लांबी ३,१७२ यार्ड, जवळपास २.९ किलोमीटर, पण फेरीत त्याचा थोडाच भाग आणि जुन्या चुनखडीच्या खाणी दिसतात. हवा खेळायला झरोके नाहीत म्हणून डिझेलची नाव आत नेत नाहीत, विजेवरची असते. घोड्यालाही आत वाट नव्हती. त्याला डोंगरावरून नेत आणि माणसं फळीवर आडवं पडून पायांनी भिंतीवर चालत नाव ढकलत. ते प्रात्यक्षिक दाखवतात. जूनमध्येही आत गार असतं, छत खाली येतं, हात कडेबाहेर काढायचे नाहीत. आईंना बोटीत उतरताना एक-दोन पायऱ्या आहेत, कर्मचारी हात देतात.

रामबागकर, इंदूर

खूप आभार, चिप्सचं तर कधीच लक्षात आलं नसतं. एक उपप्रश्न: एका दिवसासाठी नाव भाड्याने मिळते म्हणे. बाबांना स्वतः लॉक चालवायचं आहे. सुरक्षित आहे का?

तुळई

मिळते, परवाना लागत नाही, निघताना अर्धा तास शिकवतात. तिघांत करण्यासारखं आहे, पण एक जण सुकाणूवर आणि एक जण काठावर कायम लागतो. एकट्या बाबांवर सोडू नका. चुका कुठे होतात ते आधीच सांगतो.

सगळ्यात गंभीर चूक उतरताना होते. वरच्या फाटकाच्या खाली दगडी उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. नाव मागे राहिली आणि पाणी उतरायला लागलं की नावेचा मागचा भाग उंबरठ्यावर टेकतो, पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि नाव तिरपी होऊन काही क्षणांत बुडते. त्यासाठी भिंतीवर पांढरी रेघ आणि सूचना असते. पाणी उतरेपर्यंत सुकाणूवाल्याची नजर त्या रेघेवरच हवी. नाव टेकलीच तर ताबडतोब खालच्या झडपा पाडायच्या आणि वरच्या उघडून पाणी परत भरायचं.

चढताना उलटी चूक: घाईत फाटकातल्या झडपा आधी उघडणे. त्या झडपा उंबरठ्याच्या वर असतात, पाणी थेट नावेच्या पुढच्या भागात धबधब्यासारखं पडतं. आधी जमिनीतल्या, त्याही अर्ध्या. नाव शांत राहिली की बाकीच्या. फाटकातल्या अगदी शेवटी, त्या पाण्यात बुडाल्यावर.

हँडल. त्याला विंडलास म्हणतात. काटकोनातला लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी भोक, ते दातेरी चाकाच्या दांड्यावर बसतं. झडप वर गेली की खटका चाकात अडकतो. खटका नीट बसला नाही आणि हात सुटला तर झडप पडते आणि हँडल पंख्यासारखं फिरतं. दात आणि मनगटं त्यातच जातात. म्हणून तीन नियम: अंगठा इतर बोटांच्याच बाजूला, खटका बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही, आणि हँडल दांड्यावर कधीच ठेवून जायचं नाही. झडप खाली सोडताना सुद्धा फिरवत सोडा. बर्मिंगहॅम शहरातल्या लॉकांना झडपा उघडण्याआधी एक वेगळी किल्लीही लागते. नाव घेताना ती दिली आहे ना बघा, नुसत्या हँडलने काम होणार नाही.

नाव ताशी ४ मैलांहून जास्त वेगाने नेऊ नये, आणि बांधून ठेवलेल्या नावांजवळून त्याहूनही हळू. लाट काठ खाते, आणि काठ खचला की गळती.

बिलावली तलाव

गळतीवरून एक सांगायचं राहिलं. या कालव्यांच्या तळाला काँक्रीट नाही, मळलेली चिकणमाती आहे. माती, थोडी वाळू आणि पाणी एकत्र तुडवून, थरावर थर. कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीने अठराव्या शतकात ही रीत सगळीकडे वापरली, तुडवायला गुरंसुद्धा फिरवत. ही माती ओली आहे तोवर पाणी धरते. वाळली की आपल्या माळव्याच्या काळ्या मातीसारख्या भेगा पडतात, आणि मग भरलं तरी पाणी राहत नाही. म्हणून कालवा रिकामा करायचा तर लहान तुकड्यात आणि थोड्याच दिवसांसाठी. मोठी दुरुस्ती नोव्हेंबर ते मार्च या काळात ठेवतात, नावा कमी असतात तेव्हा. तुम्ही जूनमध्ये जाताय, तेव्हा लॉकं चालू मिळतील, पण लांब पावसाची ओढ असेल तर पाणी कमी म्हणून लॉकांच्या वेळा कमी करतात. कालव्यांची संस्था संकेतस्थळावर अशा सूचना देते. आदल्या रात्री बघा.

एल्समीअर पोर्टबद्दल माझं मत वेगळं आहे. संग्रहालय उत्तम आहे, जुन्या नावांचा संग्रह मोठा, श्रॉपशर युनियन कालवा मँचेस्टर शिप कॅनॉलला मिळतो ती जागा, आणि पोर्टर्स रोमधली वेगवेगळ्या काळातली घरं. पण बर्मिंगहॅमहून जाण्या-येण्यात निम्मा दिवस जातो आणि सगळ्या वारी ते उघडं नसतं. डडली पाहिलं असेल तर त्या दिवसात वेल्समधला पाँटकिसिल्टे पूल बघा. रुआबॉन स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढे बस. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा, १८०५ चा. दरीवरून १२६ फूट उंचीवर लोखंडी पन्हाळीत कालवा. पन्हाळीचे सांधे वेल्श फ्लॅनेल उकळत्या साखरेच्या पाकात बुडवून बसवले. नावेच्या एका बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हाळीची कडच, मग सरळ दरी. बाबा तिथून हलणार नाहीत. आईंना उंचीची भीती असेल तर पुलावर न नेता खालून, नदीकाठावरून दाखवा.

स्नेहलतागंज

मी एल्समीअर पोर्ट पूर्ण खोडणार नाही. पावसाचा दिवस असेल तर पुलावर काहीच मजा नाही, संग्रहालयात निदान छप्पर आहे. पाचवा दिवस हवामान बघून ठरवा. चौथ्या दिवशी ब्लिस्ट्स हिल हे खुल्या आवारातलं संग्रहालय घ्यावं असं वाटत असेल तर टेलफर्ड गावाहून बस लागते आणि त्या कमी असतात. तिथला 'हे' नावाचा रुळांचा उतार (इनक्लाइन्ड प्लेन) लॉकांना दुसरं उत्तर आहे: लहान चौकोनी नावा रुळांवरून २०७ फूट चढवत-उतरवत. उतरणारी भरलेली नाव चढणारीला ओढायची. इतक्या उंचीला लॉकं लागली असती तर पाणी कुठून आणलं असतं, हा बिलावलींचाच प्रश्न.

नारायणबाग

निघण्याआधी एक रविवार मांडवला द्या. इंदूरहून शंभरेक किलोमीटर. जहाज महालाच्या गच्चीवर पावसाचं पाणी वळणावळणाच्या दगडी पन्हाळीतून खाली आणलंय. पन्हाळ सरळ का नाही, हे बाबांना तिथेच विचारा. वेग मारायचा आणि गाळ वाटेतच टाकायचा, हेच. आणि दोन दिवस असतील तर बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा: सतराव्या शतकातली जमिनीखालची नाली, एका ओळीत विहिरीसारखी तोंडं, सातपुड्यातून झिरपणारं पाणी नुसत्या उताराने शहरात. नाव नाही, लॉक नाही, पंप नाही. हे बघून गेलात की फाटकासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न बाबाच विचारतील.

रामबागकर, इंदूर

ठरलं. मांडव या रविवारी. तिथे हॅटन शनिवारी, गॅस स्ट्रीट आणि थिंकटँक सोमवारी, डडली मंगळवारी, एक दिवसाची नाव गुरुवारी, शुक्रवार हवामानावर. बाबांनी उंबरठ्याचा भाग वहीत लिहून घेतलाय, आणि विचारतायत की पांढरी रेघ उंबरठ्याच्या नेमकी वर असते की थोडी पुढे?

तुळई

काका, थोडी पुढे, म्हणजे खालच्या फाटकाकडे. नावेचं सुकाणू धरून सगळा मागचा भाग त्या रेघेच्या पुढे हवा. सुकाणू मागे बाहेर आलेलं असतं, ते विसरू नका.